अर्धवट आच

आमचे मामा पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यात भट्टी सांभाळतात. नॉनस्टिक तव्यांसारख्या वस्तूंमधली काही चिवट रसायनं पाण्यात उतरतात आणि ती खास कोळशाच्या गाळणीत अडकवावी लागतात. तो कोळसा मामा भट्टीत भाजतात. आच कडक असली तर रसायनाचे तुकडे पडतात. कमी पडली तर ते तसंच वाफेबरोबर निसटतं. म्हणून ‘तापवायचं तर पुरतं तापवा’ हे मामांचं ठाम मत, आणि एकदा ते त्यांनी घरीही वापरून पाहिलं.

कपाटाच्या एका कप्प्यावरून मामी आणि सूनबाई यांच्यात अबोला होता. दोघी भांडत नव्हत्या, नुसती भांडी आपटत होत्या. कंटाळून मामांनी दोघींना समोरासमोर बसवलं.

"हे धुमसणं पुरे. काय ते आज पोटभर भांडून घ्या."

मग सूनबाई म्हणाली, "आई, तुमचे ते जळके हातमोजे काढलेत, तर माझ्या साड्या मावतील."

"माझे कुठले? मला वाटलं तुझेच आहेत."

दोघींनी एकदमच मामांकडे पाहिलं.

पुढचा तासभर मामांना तोंड उघडायची संधी मिळाली नाही. त्यांचे बूट, त्यांचं घोरणं, ओला टॉवेल, सगळं निघालं. तेव्हापासून सासूसुनेचं गूळपीठ जमलंय. मामांचं सामान बाल्कनीतल्या खोक्यात गेलं, पण भांडी आता आपटत नाहीत, एवढ्यावर ते खूश आहेत.