अण्णांचे ओरिजिनल गुडघे

भरभर चालणाऱ्या माणसाला वाटेत कोणी काही विचारत नाही. लंगडणाऱ्याला सगळे थांबवून विचारतात. आम्ही चौघे आठ-नऊ वर्षं कोल्हापूरच्या चारी अंगांनी लंगडत हिंडलो, म्हणून आमच्याकडं एवढे किस्से साठले. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही, स्पीड कमी होता इतकंच. परवा एका लग्नात कांबळे सर भेटले, पंगतीत एकेक निघायला लागलं आणि शेजारच्या बाईंची बासुंदी तशीच राहिली. तेव्हाच ठरवलं, हे लिहून ठेवायचं.

आमची ओळख शेकाच्या मशीनवर झाली. सत्त्याण्णव साल असेल. मोपेडवरून पडून माझा मणका सरकला होता. शाहूपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी टायपिस्ट, दर अर्ध्या तासाला उठून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. संध्याकाळी फिजिओथेरपीच्या मॅडमकडं शेक घ्यायला जायची.

तिथल्या बाकावर तीन माणसं कायमची. कांबळे सर हायस्कूलला मराठी शिकवायचे, ट्रकनं उडवल्यापासून त्यांच्या मांडीत रॉड. दिनकर लेथवर बारा-बारा तास उभा राहून कंबर घालवून बसलेला. तो पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागला आणि त्याच्या सासरवाडीचा बरेच दिवस समज होता की जावई हॉटेलात आहे. तिसरे मल्लाप्पाण्णा. कपाळाला विभूती, शाहूपुरीत ऑइल इंजिनच्या स्पेअर पार्टचं दुकान, मूळ गाव नेसरी, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

एकदा मॅडम त्यांना म्हणाल्या, "अण्णा, दुकानात बसून राहू नका. चालत राहा."

"कुठवर?"

"जमेल तिथवर."

आठ दिवसांनी अण्णा आले ते दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून. मॅडमनी विचारलं, काय केलंत?

"जोतिबाला गेलतो."

"चालत?"

"तुम्हीच म्हणालासा की, जमंल तिथवर. जोतिबापर्यंत जमलं. परत याला जमलं न्हाई, मग एस्टीनं आलो."

पुढच्या रविवारी त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून आम्ही तिघंही बरोबर गेलो. लक्ष ठेवता ठेवता आम्हालाच सवय लागली. शेकावर भेटलो म्हणून नाव पडलं शेकोटी मंडळ. कोल्हापुरात चार माणसं एका बाकावर बसली की मंडळ होतंच, फक्त बोर्ड लावायचा राहतो.

*

त्याच वर्षी मिरजेच्या एका डॉक्टरांनी अण्णांचा एक्स-रे बघून सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. आज नाही तर चार-पाच वर्षांनी, पण लागतील.

अण्णांनी गिऱ्हाइकाला विचारावं तसं डॉक्टरांना विचारलं, "ओरिजिनल बसवणार का लोकल?"

"इंपोर्टेड."

"मग बरं. आणि जुना पार्ट? आमच्या दुकानात जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत देत असतोय."

डॉक्टर म्हणाले, तसं काही देत नाहीत.

हे मात्र अण्णांना लागलं. मिरजेहून परत येताना एस्टीत त्यांनी शिरोळ फाट्यापर्यंत एक्स-रेचं पाकीट गुडघ्यांवर धरून ठेवलं होतं. मग मला म्हणाले, "सुनंदा, हे गुडघे मला नेसरीत मिळाल्यात. परत मिळणार नसतील तर काढायच्या आधी एकदा घरला दाखवून आणतो. चालत."

नेसरीत त्यांची थोरली बहीण होती, अक्का. आई अण्णांच्या बाळंतपणातच गेली, तेव्हा त्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते या अक्कानं. ती स्वतः तेव्हा नऊ-दहा वर्षांची. नेसरी कोल्हापुरापासून नव्वद किलोमीटरच्या आसपास. मॅडम आधी नाही म्हणाल्या, नंतर म्हणाल्या, कोणाच्या खांद्यावर न येता पंधरा करून दाखवा, मग वीस, मग बघू. तेव्हापासून आमचा प्रत्येक रविवार हा नेसरीची तयारी होता.

*

पहिल्याच महिन्यात पन्हाळ्याच्या बाजूनं उतरत होतो. पुढं कांबळे सर, मागं अण्णा. एका घसरणीवर अण्णा मागून ओरडले, "निधान! सर, निधान!"

सर हाडाचे मराठीचे मास्तर. ते जागच्या जागी गर्रकन वळले, झुडपात बघत म्हणाले, "कुठं?" आणि मुरमावरून पाय सुटून खालीच बसले.

"म्हणून तर वरडलो," अण्णा म्हणाले. "निधान म्हंजे सावकाश. कानडीत."

सर खाली बसूनच म्हणाले, "अण्णा, मराठीत निधान म्हणजे धनाचा ठेवा."

अण्णांनी थोडा विचार केला. "मग बरोबरच हाय की. सावकाश गेलासा तर घावंल."

तेव्हापासून उतार आला की आम्ही एकमेकांना निधान म्हणायला लागलो. मी तर अजून घरी दूध उतू जायला लागलं तरी म्हणते.

*

मॅडमची एक पद्धत होती. दुखणं शून्य ते दहात सांगायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.

दिनकरला विचारलं तर तो डोळे मिटून आधी नीट अंदाज घ्यायचा. "साडेसहा," तो म्हणायचा. "प्लस-मायनस अर्धा."

मॅडमना वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. लेथवाल्याला त्याशिवाय माप सांगताच येत नाही.

हीच पद्धत आम्ही वाटेवर आणली. दर अर्ध्या तासाला चौघांनी आपापला आकडा सांगायचा आणि कोणाचाही आठ आला की सगळ्यांनी खाली बसायचं. बसल्यावर कोणी कोणाला काही विचारायचं नाही. आमच्या मंडळाचा कायदा हा एवढाच. बघणाऱ्याला वाटायचं पत्ते खेळत चाललेत.

*

गुडघ्याला चढ परवडतो, उतार नाही. अण्णांनी त्यावर तोडगा काढला होता, उतारावर ते उलटे चालायचे. तोंड डोंगराकडं, पाठ वाटेकडं, दोन्ही हातांत काठ्या, आणि मी पुढं राहून दगड सांगायची.

असेच एकदा उतरत असताना गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली. बराच वेळ बघून तिनं मला बाजूला घेतलं.

"पावणं उलटं का चालाय लागल्यात? नवस हाय व्हय?"

मी काही बोलायच्या आत अण्णाच वरून म्हणाले, "व्हय की."

"कुणाचा?"

"मॅडमचा."

"कुठली म्हणायची ही मॅडम?"

"शाहूपुरीतली. शेकाची."

म्हातारीनं भारा खाली ठेवला आणि हात जोडले. "जागृत हाय?"

"आठवड्यातनं तीनदा," अण्णा म्हणाले. "सोमवार, बुधवार, शुक्रवार."

*

दोन हजार एक की दोनची गोष्ट. राधानगरी रोडनं चाललो होतो. अण्णा दोन काठ्यांवर, सर मांडी धरून, दिनकरचा कमरेचा पट्टा घामानं भिजला म्हणून शर्टावरून बांधलेला, मी कमरेवर हात देऊन. एक वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप करकचून थांबली. ड्रायव्हर पळत आला.

"गाडी कुठं पलटी झाल्या?"

"कसली गाडी?" दिनकर म्हणाला.

"डोक्याला मार लागलाय ह्याच्या," ड्रायव्हर आतल्या लोकांना म्हणाला. "आठवंना त्याला."

पुढं आमचं कोणी ऐकलंच नाही. जीपमधली चार माणसं खाली उतरली, आम्हाला आत घातलं आणि स्वतः टपावर बसली. सर सगळ्यांना समजावत होते की आम्ही चालायला आलोय, हौसेनं आलोय, आणि एक बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "व्हय बाबा, व्हय. गप पडा जरा."

आरोग्य केंद्रात सिस्टर वही घेऊन तयारच होत्या. त्यांनी पहिल्यांदा सरांना घेतलं.

"कधीपासून दुखतंय?"

"एकोणीसशे ब्याण्णव."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

*

हा पुढचा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगितला नाही.

नेसरीला आम्ही दोनदा निघून परत आलो. पहिल्यांदा कागलातच अण्णांचा नऊ आला. दुसऱ्या वेळेला, म्हणजे दोन हजार चारच्या जानेवारीत, अण्णा सुरेख चालत होते. कागल झालं. दुसऱ्या दिवशी कापशीच्या वाटेवर त्यांचा आकडा चारच्या वर गेला नाही. मॅडमनी सांगितलं होतं की अजून फार वर्षं हे गुडघे टिकणार नाहीत, त्यामुळं ही बहुतेक शेवटचीच संधी.

आणि माझी कंबर सकाळपासून आठवर होती.

मी पाच सांगत राहिले. पाच, पाच, पाच. चौघांत बाई मी एकटी, आणि मला वाटत होतं की माझ्यामुळं अण्णांचं राहायला नको. दुपारी एका बांधावर टेकले ती उठताच येईना. डावा पाय बधिर झाला होता. शेवटी एका टेम्पोत मला आडवं घातलं आणि सगळे परत फिरले. अण्णासुद्धा. तुम्ही पुढं जा म्हणून मी रडून सांगितलं, ते ऐकेनात.

टेम्पोत अण्णा माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं चिडले. "खोटा आकडा घरात सांग. ऑफिसात सांग. हितं चौघांचं पाय त्या आकड्यावर चालत्यात."

मग माझ्या डोक्याखाली पिशवी सरकवत म्हणाले, "आता खरा किती?"

"नऊ."

"माझा सात झालाय, तुझं तोंड बघून."

मला फार वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. कापशीपासून परत येणं माझ्यामुळंच झालं.

*

तिसऱ्यांदा निघालो दोन हजार पाचच्या डिसेंबरात. मिरजेची तारीख ठरली होती, फेब्रुवारीत दोन्ही गुडघे. अण्णा आता घरातसुद्धा काठीनं चालत होते. मॅडमनी या वेळी परवानगी दिली नाही आणि नाही असंही म्हणाल्या नाहीत. चौघांच्या पिशव्यांत गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या आणि आत निघून गेल्या.

रोज सकाळी निघायचं, उन्हाच्या आत थांबायचं, चार वाजता परत दोन तास. कागलात दिनकरची मावशी, कापशीत सरांच्या ओळखीनं शाळेचा वर्ग, मध्ये एक मुक्काम देवळात, गडहिंग्लजला अण्णांचे मेव्हणे. या वेळेला मी सगळे आकडे खरे सांगितले. दोनदा माझ्यामुळं बसलो, एकदा सरांमुळं, दिनकरमुळं तर सारखं.

पाचव्या दिवशी गडहिंग्लज सोडलं आणि अण्णांचं सुरू झालं. सहा. सहा. सात. नेसरीची घरं दिसायला लागली, अजून किलोमीटरभर असतील, आणि अण्णा म्हणाले, "आठ."

आम्ही ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. कोणी कोणाला काही विचारलं नाही. गावातला एक जण मोटरसायकलवरून येऊन थांबला. "अण्णा? बसा की मागं, दोन मिंटात सोडतो."

"तू हो फुडं," अण्णा म्हणाले. "अक्काला म्हणावं, च्या टाक."

पाऊण तास झाला. ऊन तापलं. माझ्या मनात आलं, एवढ्यासाठी एवढं केलं आणि आता दारात येऊन राहतंय. तेवढ्यात अण्णा काठ्यांवर जोर देऊन उठले. "सात," म्हणाले आणि निघाले.

अक्का घराच्या पुढच्या सोप्यात पोत्यावर बसली होती. तिला दिसत जवळजवळ नव्हतं. काठ्यांचा आवाज ऐकून म्हणाली, "तम्मा?" धाकट्या भावाला ती कानडीतच हाक मारायची.

"व्हय, मीच."

"गाडीचा आवाज न्हाई आला."

"चालत आलोय, अक्का. कोल्हापुरासनं."

तिनं खुळा की काय तू असं काही म्हटलं नाही. "बस," म्हणाली. अण्णा खाली बसू शकत नव्हते, म्हणून कट्ट्यावर बसले आणि ती सरकत त्यांच्या पायाशी आली. धोतर वर सारून तिनं डाव्या गुडघ्यावर बोटं फिरवली. वाटीच्या खाली एक जुना व्रण होता, आम्ही इतकी वर्षं बघत होतो. तिला तो लगेच सापडला.

"हिरीच्या पायरीवर," ती आम्हाला म्हणाली. "माझ्या कडंवरनं पडला ह्यो. चुना आणि हळद लावली मी. बाबाला सांगितलंच न्हाई कधी."

अण्णांनी तिला ऑपरेशनचं सांगितलं. दोन्ही गुडघे काढणार, नवीन घालणार, जुने परत देत नाहीत.

अक्का ऐकत होती. हात तिनं तिथनं काढला नव्हता.

"उजवा तुझा हाय," ती म्हणाली. "काय करायचं ते कर. डावा माझा हाय."

मग चहा आला.

फेब्रुवारीत आम्ही तिघं अण्णांबरोबर मिरजेला गेलो. आदल्या दिवशी सही घ्यायला फॉर्म आला, त्यावर उजवा आणि डावा, दोन्ही गुडघे लिहिलेले. अण्णांनी त्यातलं डावा खोडलं आणि सही केली. थोड्या वेळानं डॉक्टर स्वतः फॉर्म घेऊन आले, चांगलेच तापलेले.

"अण्णा, हे काय? दोन्ही करायचं ठरलं होतं. खरं तर डावाच जास्त खराब आहे."

"उजवा करा, डॉक्टर."

"आणि डावा?"

"डावा माझा न्हवं," अण्णा म्हणाले. "नेसरीत विचारून आलोय."