तो काही करत नाही

आमच्या घरात कुत्रा आला तो मला न विचारता. मुलगा बोटीवर नोकरीला, आठ महिने समुद्रावर आणि चार महिने घरी. अशाच एका सुट्टीत तो मोरजीला मित्राकडे गेला आणि संध्याकाळी शर्टाच्या आत काहीतरी लपवून परत आला. मला वाटलं, मांजर. बघते तर काळं कुळकुळीत, पायांना तपकिरी, अंगापेक्षा डोकंच मोठं असलेलं पिल्लू. "रॉटवायलर आहे आई, भारी जात," म्हणाला. मी म्हटलं, "भारी असू दे नाहीतर हलकी, ह्याची घाण कोण काढणार?" तो नुसता हसला. दोन महिन्यांनी बोटीवर गेला, आणि घाण मी काढू लागले.

मी वीज खात्याच्या बिलांच्या खिडकीवर अख्खी नोकरी काढलेली बाई. लोक माझ्याशी जपून बोलत. निवृत्त झाले, नवरा आधीच गेलेला, मग एवढ्या मोठ्या घरात भांडायला कोणी नाही. त्या कुत्र्याशी मी दिवसभर भांडायचे. "मेल्या, फुलझाडं उकरलीस परत?" म्हणायचे आणि पेजेत सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, डोकी कालवून त्याच्यापुढे ठेवायचे. त्याला आम्ही नाव ठेवलं होतं, पण इथे कोणाचंच सांगत नाही, तर त्या बिचाऱ्याचं कशाला? आता म्हातारा झालाय, पाय ओढत चालतो. माझा जीव आहे त्याच्यावर, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी म्हणायला नको की ही बाई कुत्र्यावर ढकलतेय.

दोन वर्षांत तो वासराएवढा झाला. त्याला शिकवायला हवं, फिरवायला हवं, माणसांची सवय लावायला हवी, हे मुलगा फोनवरून सांगे. मी हो हो म्हणे. दिवसा पडवीतल्या खांबाला साखळीने बांधून ठेवायचा, गेटवर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी, झालं माझं कर्तव्य! आणि खरं सांगते, मला त्याचा माज होता. पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत यायचा तो आमच्या गेटपाशी न थांबता पिशवीत पाव टाकून पळायचा. गॅसवाला बाहेरूनच हाक मारायचा. एकदा गॅसवाल्याची पँट त्याने टरकावली, तर मी पडवीत उभी राहून हसले. "अरे, तो काही करत नाही," म्हणाले. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात हे वाक्य असतंच. पँट फाटलेल्या माणसाला ते कसं लागत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता आमच्या पेडण्याकडची एक रीत सांगायला हवी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटोळी बांधतो. लाकडाची चौकट, आणि तिला रानातली फळं-फुलं, वेली लटकवायच्या. कांगलां, कवंडाळ, आंबाडे, सुपारीचा घोस, ज्याला जे मिळेल ते. हे सामान कोणाच्याही बागेतून आणावं, विचारायचं नाही. देवाचं आहे, त्याला मालक कसला? उलट माटोळीसाठी आलेल्याला अडवणं म्हणजे अपशकुन. माझ्या सासूने लावलेली एक मोठी कवंडाळीची वेल आमच्या घरामागच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत होती, त्यामुळे वाड्यावरची अर्धी माणसं आमच्याकडेच येत. येणार मात्र मागून. म्हणून दरवर्षी आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः कोयती घेऊन मागच्या कुंपणाची काट्यांची वई मोडून वाट करून ठेवते. सासू करायची, मी करते.

त्या वर्षीही सकाळी वाट करून ठेवली. मग नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला बसले. कुत्रा सकाळपासून रडत होता, तळणीचा वास, घरात पाहुण्यांसाठी झाडलोट, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. दुपारी मला त्याची दया आली. गेटला कुलूप आहे ना, मग अंगणात फिरू दे घटकाभर, असं म्हणून मी त्याचा हूक काढला. गेटला कुलूप होतंच. पण त्या दिवशी गेटमधून येतं कोण? वर्षभर गेट सांभाळायची इतकी सवय झालेली की सकाळी स्वतःच्या हाताने केलेली वाट दुपारी माझ्या ध्यानात राहिली नाही.

किंकाळी ऐकली तेव्हा झारा हातातच होता. धावत मागे गेले. शेजारची बाई वेलीखाली पडलेली, तिची फुलांची परडी उलटी, आणि माझ्या कुत्र्याने तिचा उजवा हात तोंडात धरलेला. आमची पस्तीस वर्षांची ओळख. ती अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, गुंफून देवळाजवळ विकायची, तिच्या वळेसराला पेडण्याच्या बाजारात नाव होतं. मी त्याला लाथा घातल्या, झाऱ्याने मारलं, ओरडले. शेवटी माझा आवाज ओळखून त्याने सोडलं आणि शेपूट हलवत माझ्याजवळ आला. त्याला वाटलं, घर राखलं. ती शेपटी मला आजही आठवते.

म्हापशाच्या इस्पितळात नेताना रिक्षात तिचा नवरा पुढे बसलेला. "सुटलो कसो तो?" त्याने विचारलं. "साखळी तुटली," मी म्हटलं. ठरवून नाही बोलले हो, तोंडातून गेलं. पण गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी ती धडधाकट साखळी मी पडक्या विहिरीत टाकली आणि नवी जाड साखळी आणली. हे मात्र ठरवून केलं.

टाके पडले, इंजेक्शनं झाली, जखम भरली. पण अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट जुळेना. आतली शीर गेली, डॉक्टर म्हणाले. वळेसर गुंफायला हीच दोन बोटं लागतात, दोऱ्याला गाठ हीच मारतात. मी रोज सकाळी तिच्याकडे पेज घेऊन जायचे, कपडे धुऊन द्यायचे. ती ओसरीवर बसून त्या दोन बोटांना एकमेकांजवळ आणायला बघत असायची आणि साखळी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "मेल्यान लोखंडात काय शेण घातलेला?" म्हणायची. मी भांडी उचलायचे.

नेमकं त्याच सुमारास असल्या कुत्र्यांच्या जातींवर सरकार बंदी आणणार, अशी चर्चा सुरू झाली. टीव्हीवर रोज भांडणं. एक म्हणे, ही जातच रक्तपिपासू. दुसरा म्हणे, जात नाही, मालक वाईट. मुलगा बोटीवरून फोन करून कळवळायचा, "आई, त्याला मारू देऊ नकोस गं, तो वाईट नाही." मी त्याच्यावरच उखडायचे. "तू आणलास आणि तू गेलास! जातच तशी आहे ती, मी काय करणार?" गावात कोणी भेटलं की मी बंदीच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलायचे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! जात वाईट ठरली की मालकिणीला कोणी काही विचारत नाही. आणि आपल्याकडे जातीवरून निकाल लावायची सगळ्यांनाच घाई असते.

आज विचार करते तेव्हा वाटतं, दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या. असला जबडा असलेलं जनावर घरात आणणं हे गावठी कुत्रा पाळण्यासारखं नाही, गावठी चावला तर अशी बोटं निकामी होत नाहीत. उद्या बंदी आली तर मी तिच्या विरोधात उभी राहणार नाही. पण बंदी आल्यावर माझ्यासारखी बाई दुसरं काहीतरी दारात बांधेल, त्याचा माज करेल, आणि एके दिवशी दया आली म्हणून सोडेल. त्याला कुठला कायदा आड येणार?

तीन महिन्यांनी ग्रामसभेत ठराव आला, असल्या कुत्र्यांवर बंदी घाला म्हणून सरकारला लिहायचं. मला बोलायला सांगितलं, कारण ज्याचं जळलं त्यालाच कळलं, असं त्यांना वाटत होतं. मी उठून बोललेही. जात कशी धोक्याची, कितीही बांधा, कधीतरी घात होतोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक जण म्हणाला, "जात सोडा, मालकिणीक विचारा. कुत्रो पाळूक येना तर पाळूचो कित्याक?"

तेव्हा शेजारीण उठली. पुढच्या रांगेत बसली होती, हात पदराखाली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ती त्या माणसाकडे वळून म्हणाली, "तिका बोलू नका. मी रोज बघतंय, ती कुत्रो बांधून घालता. साखळी तुटली, त्याका ती काय करतली? तीन म्हयने रोज पेज घेवन येता माझ्याकडे. आपली भैण करूची नाय इतक्या तिणा केल्यान." आणि खाली बसली.

मागचा माणूस ओशाळला. सरपंच म्हणाले, "बरं, मग ठराव मताला टाकूया." हात वर जाऊ लागले. मी परत उठून उभी राहिले.

"साखळी तुटली नव्हती," मी म्हटलं. आवाज फार लहान आला, म्हणून परत म्हटलं. "साखळी तुटली नव्हती. मी सोडला होता त्याला. मागची वाटही मीच केली होती."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. सरपंचांनी घसा खाकरला, ठराव वाचला, तो मंजूर झाला. मी हात वर केला की नाही, मला आठवत नाही.

बाहेर पायरीवर ती चपला शोधत होती. मी तिच्याजवळ गेले. "चुकलं गो माझं," म्हटलं.

तिने एक चप्पल पायाने पुढे ओढली. मग म्हणाली, "तीन म्हयने मी त्या साखळीक गाळी घालतंय. तू समोर बसान आयकत होतंस." तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. "आता कोणाक घालू, ता सांग."

"माका घाल," मी म्हटलं.

तिने एकही घातली नाही. चपला पायात सरकवल्या आणि एकटीच घराकडे गेली.