रडायचं नाही असं ठरलेलं घर

कुंदा गेल्याचा फोन तिच्या मुलाने केला, तेव्हा मी भाजी चिरत होते. हातातलं तसंच टाकून हुडको कॉलनीतल्या तिच्या घरी पोचले आणि दारातच हंबरडा फोडला. इतक्या वर्षांची मैत्रीण... आवरलंच नाही. आत तिची सून वर्षा लोकांना पाणी देत होती. चेहरा कोरडा, आवाज नेहमीचा. माझं डोकंच फिरलं. चार बायकांसमोर मी तिला म्हटलं, "तुही सासू गेली न, अन् डोळ्यात पाणीबी नाही?" तिने नुसती हळू बोलायची खूण केली. तोही मला उद्धटपणाच वाटला.

कुंदा आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती मानसशास्त्र, मी इतिहास. स्टाफरूममध्ये आम्ही कुणाची उणीदुणी काढायला लागलो, की ती मिस्कीलपणे म्हणायची, "आपून उशिरा आलो त रेल्वेचं फाटक बंद होतं, दुसरा आला त तो आळशी." स्वतःच्या वागण्याला माणूस परिस्थिती पुढे करतो आणि दुसऱ्याच्या वागण्यात स्वभाव शोधतो, हा तिचा आवडता धडा. लग्नाकार्यांत तो माझाच असल्यासारखा ऐकवून मी भावही खाल्ला आहे.

त्या दिवशी माझा आवाज ऐकून आतल्या खोलीतून तिचे यजमान, भाऊजी, बाहेर आले. प्लांटमधून रिटायर झाल्यावर ते विसरायला लागले होते, हे मला ठाऊक होतं. पण इतकं विसरतात, हे ठाऊक नव्हतं. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं. ते मटकन खाली बसले... मुलगा म्हणाला, सकाळपासून असंच चाललंय. कुणी रडताना दिसलं की बाबा विचारतात, आणि दर वेळी त्यांना ते नव्यानेच कळतं. म्हणून त्यांच्यासमोर रडायचं नाही, असं वर्षाने ठरवलं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शरमेने मी तशीच घरी परतले.

परवा माफी मागायला गेले. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "जाऊ द्या मावशी. आई असत्या त तुमचीच बाजू घेतली असती. म्हणाल्या असत्या, तिले मालूम नव्हतं."

मालूम नव्हतं, खरंच. पण मी विचारलं तरी कुठे होतं?

तेवढ्यात भाऊजी येऊन बसले. "कुंदा कावून नाही आली अजून?"

मी म्हटलं, "पेपर तपासून राहिली, भाऊजी. येईल."

"मग तिचा चहा झाकून ठेव," त्यांनी वर्षाला सांगितलं. वर्षाने आणखी एक कप भरला आणि त्यावर बशी ठेवली.