पुरुषभर उंचीची व्हिस्कीची बाटली

कोल्हापूरहून सकाळची एस.टी. पकडली तेव्हा मांडीवर कपड्यांची पिशवी होती आणि पायाशी काचकामाच्या अवजारांची पेटी. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पाव्हण्यांकडं निघालाय काय?"

"नाही, बाटली करायला. ठाण्याला."

"कसली बाटली?"

"व्हिस्कीची."

बाईंनी आपली पिशवी उचलून आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि सातारा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. सगळं समजावून सांगायला हवं होतं, पण ते कुठून सुरू करावं हे मलाच नीट कळत नव्हतं.

मी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं केली. ते काम शिकलो तेव्हा माझ्याबरोबर ठाण्याचा जोसेफ होता. पुढे तो डोंबिवलीच्या एका रसायन कारखान्यात काचेच्या भांड्यांचं काम बघायला लागला, मी कोल्हापुरात राहिलो. सणासुदीला फोन व्हायचा. या खेपेला फोन आला तो मधेच. "विनायक, जगातली सगळ्यात मोठी व्हिस्कीची बाटली करायची हाय. जोड तू मारायचा."

मला वाटलं, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं.

शीळफाट्याला गाडी पाऊण तास अडकली. समोर कंटेनर, मागे कंटेनर, वर अर्धवट उभे खांब. कंडक्टर निवांतपणे म्हणाला, "उतरून चालत जायचं असेल तर जा, पण पोचाल आमच्याच बरोबर." ठाण्यात खोपटच्या डेपोत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. जोसेफ फलाटाच्या खांबाला टेकून उभा होता. अंगाने निम्मा झाला होता. मला बघून हसला आणि माझ्या हातातली पेटी काढून घेतली. पिशवी नाही, पेटी.

त्याचं घर खाडीकडच्या जुन्या गावठाणात आहे. तीस-तीस मजली इमारतींच्या मागे अचानक कौलारू घरं लागतात, प्रत्येक नाक्यावर एक क्रूस. ही पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेली शेतकरी आणि कोळी मंडळी. जोसेफच्या वहिनी ओट्यावर बसून बाटली मसाला भरत होत्या (भाजून कुटलेला मसाला काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात, तो वर्षभर टिकतो). रात्री जेवायला फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे) आणि कोंबडीचा रस्सा होता. मी चार फुगे खाल्ले. जोसेफने एक मोडून ताटात तसाच ठेवला.

"उर्सुला सात महिने या खोलीत होती," तो म्हणाला. "हॉस्पिटलवाले बोलले, आता काय उपाय नाय, घरी न्या. घरी नेली. पण दुखणं कसं थांबवायचा ते कोणी सांगला नाय. ती ओरडायची आणि मी दार लावून घ्यायचा. शेजारी ऐकतील म्हणून. काय सांगू तुना (तुला)."

चर्चच्या सिस्टरांनी त्याला आश्वासन दिलं होतं. गावातली बंद पडलेली बालवाडीची इमारत दुरुस्त झाली, तर तिथे शेवटच्या दिवसांतल्या माणसांसाठी चार खोल्या करायच्या, नर्स त्या देणार. दुरुस्तीचा भार एका उद्योगपतीने उचलायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. विक्रमी बाटली झाली आणि लिलावात ती त्याला मिळाली, तर. नुसती देणगी त्याला द्यायची नव्हती. त्याला बाटली हवी होती.

दुसऱ्या दिवशी जोसेफने मला ओळीतल्या तिसऱ्या घरात नेलं. डॉमनिक तिथे खाटेवर होता. जन्मभर मिठागरात काम केलेला माणूस. पोटातला आजार आता सगळीकडे पसरला होता. जोसेफने माझी ओळख करून दिली तसा तो म्हणाला, "पयली खोली माझी हाय, माहीत हाय ना? खिडकीवाली. लवकर कर बाबा."

मग डोंबिवली. मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला टाकून, पुन्हा तोच शीळफाटा ओलांडून आम्ही एमआयडीसीत शिरलो. गाडीची काच वर केली तरी हवेत आंबूस वास होता. मेघना साठे हिचा कारखाना म्हणजे एका पत्र्याच्या शेडमधली मोठी लेथ आणि एक उभी भट्टी. रसायन कारखान्यांना लागणारी काचेची मोठी भांडी तिथे होतात. वडील गेल्यावर तिने तो चालवायला घेतला, त्याला पाच वर्षं झाली.

"काका, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. "पोट आम्ही केलंय. मान पण रेडी आहे. फक्त खांद्याचा जोड माझ्या लोकांना जमत नाहीये, दोनदा तडकला."

जोडाला दोन दिवस लागले. लेथवर दोन्ही बाजू सारख्या फिरत, मधे ज्योत, आणि मी. एवढी मोठी काच मी कधी हाताळली नव्हती. ती लाल होऊन मऊ पडते तेव्हा तिचं वजन मनगटांना कळतं. तिसऱ्या दिवशी बाटली उभी केली तेव्हा ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. शेडमधल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. जोसेफने तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

जोड मारला की काच भट्टीत तापवून हळूहळू निववावी लागते, नाहीतर आत ताण राहतो. भट्टी बाटलीपेक्षा उंचीला कमी होती. मेघनाने वर विटांचा कठडा चढवून घेतला. मला तो पसंत नव्हता, तिथे उष्णता सारखी राहत नाही, पण दुसरी भट्टी नव्हती.

मधल्या काळात आम्ही नौपाड्यात लेबल छापायला गेलो. छापखान्याचे मालक, ऐंशीच्या घरातले, चष्म्यावरून मजकूर वाचत म्हणाले, "दारू आणि दानधर्म? आणि एवढी पिणार कोण?"

"कोणी नाय. सीलबंद राहणार," जोसेफ म्हणाला. मग त्याने कशासाठी ते सांगितलं.

मालकांनी मजकूर पुन्हा वाचला. "आमची ही गेली तेव्हा असं काही असतं तर बरं झालं असतं," म्हणाले, आणि लेबलावरचा शुद्धलेखनाचा एक दोष पेनने दुरुस्त करून दिला.

भट्टीत घातल्याच्या चौथ्या दिवशी बाटली बाहेर आली. ताण बघायची रीत साधी आहे. दोन काळपट पट्ट्यांच्या मधे काच धरायची, मागे दिवा लावायचा. ताण असेल तर रंग दिसतात. मी शिडीवर चढलो. पोट स्वच्छ. मान स्वच्छ. खांद्यावर, जोडाच्या खाली, एक बोटभर पिवळी रेघ आणि तिच्या कडेला निळं.

परत तापवायचं तर कठडा नव्याने बांधून आणखी चार दिवस हवे होते. व्हिस्की भरायचा परवाना उत्पादन शुल्क खात्याने एकाच दिवसाचा दिला होता, तो दोन दिवसांनंतरचा. लिलावही त्याच दिवशी होता आणि उद्योगपती नंतर परदेशी जाणार होता. विक्रमाचे साक्षीदार यायचे होते. खाली जोसेफ मान वर करून माझ्याकडे बघत होता.

मेघना शिडीशी आली. "काका, क्लिअर आहे ना?"

"क्लिअर," मी म्हणालो.

टेम्पोत गाद्यांच्या थरावर आडवी ठेवून बाटली ठाण्यात आणली. शीळफाट्याचे खड्डे तिने सोसले. मला वाटलं, मग सगळंच सोसेल.

बालवाडीच्या पटांगणात मांडव होता. सिस्टर, गावकरी, टेप घेतलेले साक्षीदार, खुर्चीवर उद्योगपती. डॉमनिकला चौघांनी खाटेसकट उचलून आणलं होतं. पिंपातून पंपाने व्हिस्की चढायला लागली. पोट भरलं. सोनेरी रंग उन्हात असा काही दिसत होता की बायका कुजबुजायच्या थांबल्या. पातळी खांद्याला टेकली.

आवाज फार मोठा नव्हता. नखाने कप वाजवावा तसा. खांद्याभोवती एक रेघ फिरली, मान एका बाजूला कलली, आणि मग सगळं एकदम खाली आलं. व्हिस्कीची लाट खुर्च्यांखालून गेली. लोक ओरडत मागे सरले. कोणाला मोठं लागलं नाही, एवढंच.

उत्पादन शुल्काचे साहेब बूट वाचवत म्हणाले, "पंचनामा करावा लागेल." उद्योगपती उठला, जोसेफच्या खांद्यावर थोपटलं, "बॅड लक" म्हणाला आणि गाडीत बसला. मेघना पांढरीफटक पडली होती. "माझी भट्टी," ती एवढंच म्हणत होती, "माझी भट्टीच छोटी होती."

डॉमनिक खाटेवरून म्हणाला, "वास मातर बेस हाय." कोणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

संध्याकाळी जोसेफ झाडू घेऊन काचा गोळा करत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि पिवळ्या रेघेबद्दल सांगितलं. तो झाडत राहिला. ढीग एका जागी केला.

"मना का नाय बोललास?" त्याने विचारलं.

"तू खाली उभा होतास."

त्याने झाडू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "त्या पोरीला जाऊन सांग. ती स्वतःला दोष देते."

सकाळी मी एकटा डोंबिवलीला गेलो. मेघना शेडमध्ये कठड्याच्या विटा उतरवून घेत होती. मी सांगितलं. तिने हातातली वीट खाली ठेवली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "शिडीखाली उभी राहून विचारलं होतं ना, काका? आपण पुढे ढकललं असतं. त्यांना फोन केला असता, पाया पडले असते. निदान बाटली तरी राहिली असती."

तिने चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही. कल्याणच्या स्टँडवर तिच्याच माणसाने मला सोडलं.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. घाट आला, गेला. घरी बायकोने दारातच विचारलं, "झाली का बाटली?"

"झाली होती," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी डॉमनिक गेला, त्याच्याच घरात, त्याच खाटेवर. जोसेफने फोनवर सांगितलं. बालवाडीला कुलूप आहे. उद्योगपतीच्या ऑफिसातून उत्तर येत नाही. सिस्टर म्हणतात, वाट बघू.

प्रवास करून आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय पाहिलंत? मी खाडी पाहिली, इमारतींच्या मागे दडलेलं गाव पाहिलं. आणि एका शिडीवर उभं राहून मी जे पाहिलं ते आजवर तिघांनाच ठाऊक होतं. जोसेफ गावात अजून सगळ्यांना सांगतो, काचेचा काय भरवसा. तो मला सांभाळून घेतो आहे, हे मला कळतं. पण तो सांगतो ते खरं नाही. काच मला आधी सांगून फुटली.