खाजणातला तांदूळ

माझी आत्या ठाण्याच्या खाडीकाठी एका गावात राहते. दरवर्षी ती आम्हाला डोंबिवलीला घरचा तांदूळ पाठवते. गेल्या वर्षी दोन पिशव्या आल्या. बियाणं एकच, पण एक तांदूळ वरच्या शेतातला आणि दुसरा खाडीलगतच्या खाजणातला, म्हणजे खाऱ्या जमिनीतला. खाजणातला दाणा बारीक, पोटात खडूसारखा पांढरा आणि बराचसा तुटलेला होता.

मी फोन केला. आत्या म्हणाली, "दाणा भरायच्या वेळेलाच पाऊस गेला गं. जमिनीतलं मीठ वर आलं. रोपाला तहान लागलेली आणि प्यायला खारं पाणी. दाणा भरणार कसा? मग गिरणीत तुटतोच."

मला वाटलं, भातही खारट लागेल. मीठ न घालता दोन्ही शिजवून पाहिले. खाजणातल्याचा गिचका झाला, पण खारटपणा नावालाही नव्हता. मग मीठ गेलं कुठे?

रविवारी मी गावी जाऊन तेच विचारलं. आत्याने खाजणातल्या भाताच्या पेंढ्यातली एक काडी माझ्या हातात दिली. "चावून बघ."

जीभ खारट झाली.

"दाण्यापर्यंत ते फारसं पोचत नाही," आत्या हसून म्हणाली. "म्हशींना मात्र हाच पेंढा आवडतो."

मी आणखी एक काडी तोडून चावली. घरी परतल्यावर खाजणातल्या उरलेल्या तांदळाचं आम्ही पीठ केलं. भाकऱ्या चांगल्या झाल्या.