डेस्मंडचा तिसरा शर्ट

डेस्मंड एंटविसलला सॉरी म्हणायची खोड होती. इंग्लंडातल्या त्याच्या फ्लीटवुड गावात सगळेच म्हणतात म्हणा, पण या गड्याचा कहर होता. कोणी त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी हाच म्हणायचा. गवतावर गोळे घरंगळवायचा खेळ चालतो त्या बोलिंग क्लबाची हिरवळ तो राखायचा. गवत कापताना बेडूक आडवा आला, तर त्यालाही सॉरी. वय एकोणपन्नास, लग्न नाही. क्लबात चहाची खिडकी सांभाळणाऱ्या हिलरी बँबरला 'शनिवारी जेवायला येता का' एवढं विचारायला त्याला सहा वर्षं पुरली नव्हती. रोज खिडकीशी जायचा, तोंड उघडायचा आणि "सॉरी, एक चहा" म्हणून कप घेऊन परत यायचा.

मार्चमध्ये क्लबात सिनेमावाले आले. वाले कसले, इमोजेन नावाची दिग्दर्शिका, एक कॅमेरा आणि तिचा सर्दी झालेला भाऊ. लाजऱ्याबुजऱ्या माणसांना हिंमत कशी येते, असा विनोदी सिनेमा होता. पहिल्याच दिवशी नट दुसरं काम मिळालं म्हणून पळाला आणि नटी तर मुळात आलीच नाही. इमोजेनने डेस्मंड आणि हिलरीला धरून बसवलं. प्रसंग सोपा होता. पहिल्याच भेटीत बाई पुरुषाच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते आणि तो एक शब्दही न बोलता ताठ मानेने निघून जातो.

"एकसारखे शर्ट तीनच आहेत," इमोजेन म्हणाली. "तेव्हा काय ते तीन वेळांत उरका."

हिलरीने पाणी फेकलं.

"सॉरी," डेस्मंड म्हणाला.

"अरे, भिजलास तू आणि सॉरीही तूच?" हिलरी म्हणाली.

दुसऱ्या शर्टाच्या वेळी त्याने दात आवळून धरले. उठला, तिच्या बाजूचं ओलं टेबल रुमालाने नीट पुसलं आणि मग निघाला. इमोजेनने कपाळाला हात लावला.

तिसरा शर्ट घालताना डेस्मंड रडायच्या बेतात होता. सिनेमा गेला खड्ड्यात, पण हिलरीसमोर आपला दोनदा पोपट झाला, आता ही कसली येते जेवायला, हे त्याला खात होतं.

पाणी आलं. त्याने ओठ मिटले. पण या खेपेला ग्लासही हिलरीच्या हातून सुटला आणि टणकन त्याच्या कपाळावर बसला.

"अगं बाई, सॉरी, सॉरी," हिलरी म्हणाली. "लागलं का रे फार?"

त्याच्या वाटचं सॉरी तीच म्हणून मोकळी झाली. आता डेस्मंडकडे म्हणायला काही उरलंच नाही. सवयीने उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"शनिवारी माझ्याबरोबर मासे-चिप्स खायला येता का?"

"येते की. पण सहा वर्षं नुसता काय करत होतास?"

"चहा पीत होतो. मला आवडत नाही खरं तर."

शर्ट संपले होते, म्हणून इमोजेनने तो प्रसंग आहे तसाच सिनेमात ठेवला.

शनिवारी डेस्मंड कपाळावर टेंगूळ घेऊन वेळेआधीच मासे-चिप्सच्या दुकानात हजर होता. हिलरी येऊन बसली. वाढणाऱ्या बाईने मासे आणि तळलेल्या बटाट्याच्या चिप्सच्या बशा मांडल्या आणि सवयीने चहाची किटली पुढे केली.

"नको," डेस्मंड म्हणाला. नुसतंच नको. हिलरीने ऐकलं आणि त्याच्या बशीतला सगळ्यात मोठा चिप उचलून खाल्ला.