आत्याबाई मेस बघायला जातात

लातुरातल्या एका वृद्धाश्रमात मी भूकंप आणला, आणि तोही भर दुपारी, ऐन जेवणाच्या वेळेला. जमीन हलली नव्हती. पण जमिनीवाचून काही अडत नाही, आपण हललो की पुरतं.

मुळापासून सांगते. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्र्याण्णव सालच्या खऱ्या भूकंपाच्या आधी त्या औशाकडच्या एका खेड्यात राहायच्या. भूकंपात घर पडलं, घरातली माणसं वाचली, आणि सासऱ्यांनी सगळा बाडबिस्तरा लातूरला हलवला. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघायला लागले होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येत, आणि डॉक्टर होईपर्यंत त्यांना दोन वेळा भूक लागे! आत्याबाईंनी मेस काढली. वर्षानुवर्षं चालवली. आज मराठवाड्यातले कितीतरी डॉक्टर लोकांना पोळी कमी खा म्हणून सांगतात ना, ते सगळे आत्याबाईंच्या पोळ्यांवर पोसलेले आहेत. पुढे सासरे गेले, मेस बंद झाली, आणि आम्ही आत्याबाईंना नांदेडला आमच्याकडे घेऊन आलो.

तिथं त्या हळूहळू विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग वार, मग माणसांची नावं. मेस बंद झालीय हे मात्र त्या अगदी सुरुवातीलाच विसरल्या. एकदा मी बँकेतून घरी आले तर दाराबाहेर चपलांचा हा ढीग! (एवढ्या चपला दाराबाहेर दोनच कारणांनी असतात, आणि आमच्याकडे सत्यनारायण नव्हता.) धडधडत्या काळजाने आत गेले तर आमच्या गल्लीतल्या क्लासची पोरं हॉलमध्ये पंगत मांडून बसलेली. आत्याबाईंनी फाटकात उभं राहून त्यांना हाका मारून मारून आणलं होतं. माझ्या फ्रीजमधलं सगळं संपलं होतं. एका पोराने हात धुता धुता मला विचारलं, "काकू, रविवारी संध्याकाळी सुट्टी असते का हो मेसला?"

हे हसण्यावारी नेलं. पण मग एके दिवशी गॅस उघडा राहिला. शेजारच्या वहिनींना वास आला म्हणून निभावलं. त्यानंतर माझं बँकेत लक्ष लागेना. नोटा मोजताना डोळ्यांपुढे शेगडी दिसायची. डॉक्टरांनी सुचवलं की लातुरात अशा विसरणाऱ्या माणसांसाठी एक चांगला आश्रम आहे, बघून तरी या. आमचे हे म्हणाले, "बघायला काय जातंय?" त्यांचं काही जात नव्हतं, माझं जात होतं. आत्याबाईंना ठेवलं तर आयुष्यभर मनाला खात राहणार, आणि नाही ठेवलं तर थोड्याच दिवसांत मलाच कुठंतरी ठेवावं लागणार. ठेवायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं, आणि त्या 'एवढ्या'ने माझी झोप उडाली होती.

आता आत्याबाईंना काय सांगून न्यायचं? यांनी डोकं लढवलं. (यांनी डोकं लढवलं की मी देवाला आधीच नमस्कार करून ठेवते.) म्हणाले, "आई, लातुरात एक मेस विकायला निघालीय. घ्यावी का नको, ते तू बघून सांग."

झालं! आत्याबाई आमच्या आधी तयार. इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, काखेत पर्स. केस काळेभोर, कारण आदल्या दिवशी मीच बसून त्यांच्या डोक्याला मेंदी न् कलप लावला होता, तिथल्या लोकांना वाटू नये की सून बघत नाही म्हणून. त्या गडबडीत माझं स्वतःचं डोकं राहून गेलं. मी पन्नाशीही गाठलेली नाही, पण त्या दिवशी माझा भांग गोदावरीच्या वाळवंटासारखा पांढरा दिसत होता.

त्यात लोह्याच्या पुढे मला एसटी लागली. अहमदपूर येईपर्यंत माझा पार चोथा झाला. लातूरच्या स्टँडवर उतरताना चपलेचा अंगठा तुटला. आश्रमाच्या दारात रिक्षा थांबली तशी यांनी ती चप्पल हातात घेतली आणि "तुम्ही व्हा पुढं, मी एवढी शिवून आणतो," म्हणून जे गेले ते गेले. लातुरात मेंदूचा डॉक्टर पटकन सापडतो, चांभार शोधावा लागतो.

तर आत शिरलो ते असे: पुढे आत्याबाई, ताठ, पर्स सावरत. मागे मी, केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं, अनवाणी, छातीशी जेवणाचा डबा कवटाळलेली. यांनी फोनवर आश्रमाच्या सरांना सांगितलं होतं की पेशंट आणि घरातलं एक बाईमाणूस असं येईल. सरांनी आमच्याकडे एकवार पाहिलं आणि कोण पेशंट ते ठरवून टाकलं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

"या मावशी, बसा," असं ते आत्याबाईंना म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, खूप हळू, खूप मोठ्याने म्हणाले, "ताई, तुम्हीपण बसायचं हं. घाबरायचं नाही."

मला वाटलं, काय देवमाणूस आहे! पेशंटच्या नातेवाइकांचीसुद्धा किती काळजी! मी लगेच भारावले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी सिस्टरकडे पाहून मान हलवली.

आत्याबाईंनी सूत्रं हातात घेतली. माणसं किती, कणीक रोज किती लागते, पाणी नळाचं का टँकरचं, स्वयंपाकाच्या बाया टिकतात का. सर खूश. म्हणाले, मावशी, इतकी बारीक चौकशी कुणी करत नाही. मी कौतुकाने बघत बसले होते. त्यांनी विचारलेलं सगळं मीच विचारायचं ठरवलं होतं, पण एसटीत ते सगळं उलटीबरोबर गेलं.

मग खोली बघायला गेलो. खोली खरंच छान होती. खिडकीबाहेर मैदान, मैदानात कडुलिंबाची झाडं, उजेड भरपूर. फक्त एक होतं, ही इमारत लातुरात होती, म्हणजे वरच्या मजल्यावर क्लास होता. (लातुरात कुठल्याही जिन्याने वर जा, फिजिक्सच लागतं.) सर म्हणाले, पोरांचा आवाज असला की आजी-आजोबांना बरं वाटतं. आत्याबाई कॉटवर बसून बघत होत्या, आणि सर माझ्याशी गप्पा मारायला लागले. "आज वार कोणता, ताई?"

मी रजेवर होते. रजेवर माणसाला वार कळतो का? मी म्हटलं, "गुरुवार. नाही, थांबा, काल चतुर्थी होती... शुक्रवार?" तो बुधवार होता. "सकाळी काय खाल्लंत?" मला आठवेना, कारण मी काही खाल्लंच नव्हतं. "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "आम्ही तिघं, म्हणजे आता दोघं होऊ, अजून ठरलं नाही." सिस्टर माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. सर म्हणाले, "असू द्या. हल्ली कमी वयातही होतं." मी म्हटलं, हो ना.

इकडे तेवढ्या वेळात आत्याबाईंनी आपलं काम उरकलं होतं. भूकंपानंतर आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी उशाशी भांड्यांची उतरंड ठेवायला सुरुवात केली होती. पेल्यावर पेला उपडा रचायचा आणि सगळ्यात वर वाटी. जमीन जरा हलली की वाटी खणकन पडते, आणि आपण उठून बाहेर पळायचं. बाकीच्यांनी ते कधीच सोडलं, आत्याबाईंनी सोडलं नाही. मी लग्न होऊन त्यांच्या घरात आले तेव्हा उखाण्याच्या आधी मला हे शिकवलं गेलं: वाटी वाजली की विचार करायचा नाही, जवळच्या माणसाचा हात धरायचा आणि मोकळ्यावर जायचं. पुढे वाटी मांजराने पाडली, मिक्सरने पाडली, गणपतीच्या बँडने पाडली, आणि प्रत्येक वेळी मी बाहेर पळाले. आमच्या गल्लीत कुणी मला अंगणात उभी पाहून आता चौकशीसुद्धा करत नाही.

आश्रमातल्या स्टुलावर आत्याबाईंनी खोलीतलेच पेले तसे रचले, वर वाटी ठेवली, आणि स्वयंपाकघर बघायला म्हणून त्या हळूच उठून गेल्या. आणि वरचा क्लास सुटला.

क्लास सुटणं म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. शेकडो पोरं, एक जिना, आणि मेसमध्ये भाजी संपायच्या आत पोचायचं! छत थरथरलं, खिडकी वाजली, स्टूल हललं, आणि वाटी खणकन खाली पडली.

मी विचार केला नाही. "भूकंप! भूकंप!" असा हंबरडा फोडला, जवळच्या माणसाचा हात धरला आणि सुसाट सुटले. वऱ्हांड्यातून, पायऱ्यांवरून, अनवाणी, थेट मैदानात. तिथं पोचल्यावर म्हटलं, "आत्याबाई, लागलं नाही ना?" आणि वळून पाहिलं, तर माझ्या हातात सरांचा हात होता. त्यांचा चष्मा आतच राहिला होता.

पण आता उशीर झाला होता. त्या आश्रमात होते ते सगळे लातूर-औशाकडचेच म्हातारे. त्यांना जेवलो की नाही आठवत नव्हतं, लेकाचं नाव आठवत नव्हतं, पण तो शब्द सगळ्यांना आठवत होता. काठ्या, वॉकर, एकमेकांचे खांदे धरून सगळी माणसं शिस्तीत बाहेर आली. त्यांच्या मागून सिस्टर. त्यांना बघून जिन्यातली पोरंही मैदानात पळाली. पाच मिनिटांत कडुलिंबाखाली जत्रा भरली. एक आजोबा माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाचवलंस गं पोरी." मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण ती ढिम्म हलत नव्हती.

आणि आत्याबाई कुठं? त्यांच्यासाठी एवढं केलं आणि नेमकं त्यांनाच आत सोडून आले! मी परत पळणार, तेवढ्यात त्या दारात दिसल्या. डोक्यावर पोळ्यांची टोपली, मागे स्वयंपाकाच्या बाया भाजी-वरणाची पातेली घेऊन. संथपणे पायऱ्या उतरत त्या म्हणाल्या, "गॅस बंद करून आले. बसा समदे खाली, जेवायची येळ झाली."

मग काय विचारता! आजोबांशेजारी पोरं, पोरांशेजारी आज्या, अशी पंगत बसली. पोरांना घरची आठवण झाली, आज्यांना नातवंडं मिळाली. एक आजी दोन घास भरवल्याशिवाय पोराला सोडेना आणि पोरगंही आनंदाने आ करत होतं. आत्याबाई पंगतीतून फिरत होत्या, पोळी वाढत होत्या, "लाजू नको, डॉक्टर व्हायचंय ना" म्हणत होत्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं. मला वाटलं, झालं, ठरलं. इथंच त्या सुखात राहतील. आणि तसं वाटल्याबरोबर मी हातातला घास ताटात परत ठेवला.

जेवणं झाल्यावर सर आत्याबाईंजवळ येऊन बसले. माझ्याकडे बोट करून त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, यांचं असं कधीपासून आहे?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! मी तोंड उघडणार, पण आत्याबाई बोलायला लागल्या होत्या.

"लई दिस झाले, सर. बँकेत जाती, घरचं करती, मला न्हाऊ घालती, माझी येणी घालती. सोताचं मातर काहीच ध्यानात ऱ्हाईना तिच्या. जेवायचं बी न्हाई. रातच्याला उठून मला बघून जाती, तिला वाटतं मी झोपले." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ठिवून घ्या हिला चार दिस. लई दमलीय पोरगी. पर मला बी संगट ठिवा. ही दिसली न्हाई तर मला भ्याव वाटतंय."

मला रडू आवरेना. भर मैदानात, त्या सगळ्या पोरांसमोर, मी आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. सिस्टरने सवयीने पाठीवरून हात फिरवला. आणि त्याच वेळी आमचे हे शिवलेली चप्पल हातात घेऊन फाटकातून आत आले आणि म्हणाले, "मग? ठरलं का?"

सरांना खरं काय ते कळल्यावर ते इतके हसले की त्यांनाच पाणी पाजावं लागलं. आमचं मात्र ठरलं होतं. परतीच्या एसटीत आत्याबाईंनी निकाल दिला, "मेस चांगली हाय, पर वरण पातळ. घेऊ नका." आम्ही घेतली नाही. शेजारच्या वहिनींच्या ओळखीच्या एक बाई आता दिवसभर त्यांच्या सोबतीला येतात, दुपारी हे घरी एक फेरी मारून जातात, आणि मी बँकेत सरळ नोटा मोजते.

परवा आश्रमातून सरांचा फोन आला. खोली रिकामी झालीय, म्हणाले. मी म्हटलं, आत्याबाईंचं आता घरीच बरं चाललंय. ते म्हणाले, "त्यांचं नाही हो ताई, मी तुमच्यासाठी विचारतोय." आणि खो खो हसले.

आत्याबाई भाजी निवडत होत्या. कुणाचा फोन म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लातूरच्या सरांचा. मला कधी पाठवताय, असं विचारतायत."

आत्याबाईंनी खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते पाहिलं आणि म्हणाल्या, "सैपाक करून जाती म्हणाव."